किटकॅटमध्ये भरलेली तार

आमच्या घरात मासे होत नाहीत. त्यामुळे त्या सप्टेंबरात स्वयंपाकघरात सुकटीसारखा वास यायला लागला, तेव्हा तो शेजारून येतोय असं मी धरून चालले आणि ओट्यासमोरची खिडकी लावून घेतली. दोन-तीन दिवसांनी वास परत आला, मी परत खिडकी लावली. त्या दिवसांत शेजारच्या ताईंशी मी थोडी तुटक बोलले असेन, त्याचं मला अजून वाईट वाटतं. वास आमच्याच भिंतीतून येत होता. सॉकेट आणि प्लगसाठी वापरलेलं काही प्रकारचं प्लॅस्टिक जळण्याआधी नुसतं तापलं, तरी त्याला असा माशासारखा वास सुटतो. धूर नसतो, ठिणगी नसते, फक्त वास असतो, तोही ते उपकरण चालू असेपर्यंतच.

मी नाशिकच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दहावीचं ‘विद्युतधारेचे परिणाम’ हे प्रकरण शिकवताना मला पुस्तक उघडावं लागत नाही. धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट, वितळतार कशासाठी, अतिभार कशानं होतो, हे मुलांकडून घोटून घेतलेलं आहे. हे मुद्दाम सांगते, कारण माझ्या हातून जे झालं ते ठाऊक नव्हतं म्हणून झालेलं नाही.

आमची इमारत 1987 ची. तेव्हाच्या स्वयंपाकघरात एक ट्यूब, एक पंखा, मिक्सर आणि फार तर फ्रिज. वायरिंग त्या हिशेबानं केलेलं. 2014 मध्ये आम्ही स्वयंपाकघर नव्यानं करून घेतलं. ग्रॅनाइटचा ओटा, ट्रॉल्या, छतापर्यंत टाइल्स आणि पांढरेशुभ्र मॉड्युलर स्विच. टाइल्सचा रंग ठरवायला मी तीन दुकानं पालथी घातली. वायरमनकाका तेव्हाच म्हणाले होते, “बाई, टाइल्स लागायच्या आत वायर बदलून घ्या, नंतर भिंत फोडावी लागेल.” मी म्हटलं, “सध्या चालतंय ना? मग राहू दे.” खर्च आधीच हाताबाहेर गेला होता आणि वायर काही कुणाला दिसत नव्हती. ओट्यावर नवे बोर्ड आले. दारावर मात्र जुनी किटकॅट फ्यूजची पेटी राहिली आणि भिंतीच्या आत जुनीच वायर.

मग एकेक वस्तू घरात येत गेली. पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं, ते साठेक वॅटचं, त्याचं काही नाही. 1500 वॅटची किटली आली. त्यानंतर 2000 वॅटची इंडक्शन शेगडी. शेगडीचा प्लग जाड पिनांचा, 16 अँपिअरचा. ओट्यावरची दोन्ही सॉकेटं 6 अँपिअरची, त्यात तो जाईना. दुकानातून कन्व्हर्टर प्लग आणला. एका बाजूनं जाड पिना घेतो आणि दुसऱ्या बाजूनं बारीक पिना देतो, असा तो ठोकळा. लावला आणि शेगडी चालू झाली. जाड पिना बारीक भोकात जाऊ नयेत हीच तर त्या रचनेतली सोय आहे. इतका भार या जागी घालू नका, असं ते सॉकेट सांगत होतं आणि मी चाळीस-पन्नास रुपयांचा ठोकळा लावून त्याला गप्प केलं.

हिशेब दहावीच्या मुलालाही येईल असा आहे. 2000 भागिले 230, म्हणजे 8.7 अँपिअर. किटली मिळवली की 3500 वॅट, 15.2 अँपिअर. 6 अँपिअरचं सॉकेट फार तर 1380 वॅट पुरवण्यासाठी बनवलेलं असतं. आमची दोन्ही सॉकेटं एकाच वायरवर लूप केलेली होती, त्यामुळे किटली दुसऱ्या सॉकेटात लावूनही भार त्याच वायरवर पडायचा. हे गणित मी वर्गात घालते. ओट्यापाशी उभी असताना एकदाही केलं नाही.

फ्यूज उडायला लागला. किटकॅटमध्ये 5 अँपिअरची तार होती. साध्या वितळतारेला तुटायला तिच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट धारा लागते. म्हणून एकटी शेगडी चालून जायची आणि किटली सुरू झाली की फट्! सकाळी सातच्या शाळेच्या घाईत हे आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं. तिसऱ्या का चौथ्या वेळी मी स्टुलावर चढले, जुन्या इस्त्रीच्या वायरमधून तांब्याचे पाच-सहा धागे काढले, पीळ दिला आणि ते किटकॅटमध्ये भरले. त्यानंतर फ्यूज उडायचा थांबला. मला बरं वाटलं. घरातलं एक काम मार्गी लावल्यासारखं वाटलं, आणि तसं मी शाळेत सांगितलंही.

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघराला राखण उरली नाही.

खुणा एकामागून एक येत होत्या. शेगडी लावली की ट्यूब क्षणभर मंद व्हायची. कन्व्हर्टर हाताला गरम लागायचा. शेगडीच गरम, तिच्याजवळचं सगळं गरम असणारच, अशी मी समजूत करून घेतली. सॉकेटच्या एका भोकाभोवती चहाच्या डागासारखं तपकिरी वर्तुळ उमटलं होतं. ते मी घासणीनं घासून पाहिलं, निघालं नाही. सासूबाई तर दोनदा म्हणाल्या, “अगं, ते बटण चुरचुरतंय बघ.” त्यांना ऐकू कमी येतं. मी म्हटलं, “आई, किटलीचा आवाज असेल तो.” त्यांना ऐकू आलेलं मला येत नव्हतं, कारण त्या दुपारी एकट्या शांत घरात असायच्या आणि मी सकाळच्या धांदलीत.

नरकचतुर्दशीच्या पहाटे दीर-जाऊ आणि मुलं आलेली. सिलिंडर आदल्या रात्री संपलेला, म्हणून शेगडीवर पोह्यांची कढई, शेजारी किटली आणि चटणीसाठी मिक्सर. सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी टाइलवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. “भिंत तापलीय गं!” मी वळून पाहिलं तर कन्व्हर्टरच्या मागून बोटभर धुराची रेघ सरळ वर चढत होती. दिरांनी ओट्यावरचा तांब्या उचलला, मी ओरडून त्यांना थांबवलं. वीज चालू असलेल्या जागी पाणी टाकायचं नाही, एवढं त्या घटकेला आठवलं. दाराकडे धावले आणि मेन स्विच पाडला. अंधारात आम्ही सगळे नुसते उभे राहिलो. धूर आपोआप विरला. मुलं अभ्यंगस्नानाला मोरीत होती. कुणाला काही झालं नाही. पण त्या मिनिटभरात माझ्या पोटात जो गोळा आला तो आठवला की आजही हात थांबतो.

काका दुपारी आले. कन्व्हर्टर ओढला तो सुटेना, पिना सॉकेटातच चिकटल्या होत्या. जोर लावल्यावर निघाला तेव्हा सॉकेटचं प्लॅस्टिक पाकाच्या तारेसारखं लांबत आलं. त्यांनी बोर्ड उघडला. लाल वायर वीतभर काळी पडलेली. बोटानं वाकवल्यावर तिचं आवरण खारीसारखं चुरून टाइलवर पडलं. “एक-अठराची वायर आहे बाई ही. दिव्यापंख्याची.” स्क्रू पाहिला, सैल. हिरवी अर्थिंगची वायर कशालाच जोडलेली नव्हती, नुसती गुंडाळी करून आत कोंबलेली. इतकी वर्षं आमच्या ओट्यावरची तिसरी पिन शोभेची होती.

मग ते दाराकडे गेले आणि त्यांनी किटकॅट ओढून काढला. आतला पीळ दोन बोटांत धरून बराच वेळ बघत राहिले.

“ही तार कुणी भरली?”

“मी,” मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सैल स्क्रूचं मी त्या रात्री कागदावर मांडून पाहिलं. सांध्याचा रोध 0.2 ओहम धरला आणि 15 अँपिअर धारा, तर तिथे 45 वॅट उष्णता तयार होते. डाख लावायचं लहान सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. म्हणजे नखाएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या पेटीत, टाइलच्या मागे आम्ही त्याहून जास्त उष्णता देणारी वस्तू रोज सकाळी चालू करत होतो. आणि सैल सांध्यानं धारा वाढत नाही, त्यामुळे योग्य तारेचा फ्यूज किंवा फ्यूजच्या जागी बसणारा चांगला एमसीबीसुद्धा निव्वळ एवढ्यावर पडत नाही. तो भार ओळखतो, सैलपणा ओळखत नाही. सैलपणा माणसालाच ओळखावा लागतो, आणि सासूबाईंनी तो कानानं ओळखला होता.

पुढचं काम चार दिवसांचं. टाइल्स फोडाव्या लागल्याच. मेनपासून ओट्यापर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या दोन स्वतंत्र लाइन आणल्या, प्रत्येकीवर 16 अँपिअरचं एकच सॉकेट, एक शेगडीला आणि एक किटलीला. गिझरला 4 चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन. किटकॅट काढून एमसीबी बसवले. त्यांचे आकडे काकांनी वायरच्या जाडीवरून ठरवले, उपकरणांवरून नाही. पडतो म्हणून मोठा एमसीबी लावणं आणि मी भरलेली तार यांत काडीचाही फरक नाही. मेनला धारा गळताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, कारण शॉक लागणाऱ्या माणसाला एमसीबी वाचवत नाही. अर्थिंग नीट जोडून तपासून घेतलं. विजेच्या बिलावरचा ‘मंजूर भार’ हा रकाना मी तेव्हा पहिल्यांदा वाचला आणि तो वाढवून घेण्यासाठी अर्ज केला. एक्स्टेन्शन बोर्ड आता फक्त फोन आणि लॅपटॉपसाठी. त्यानं भोकं वाढतात, भिंतीतली वायर जाड होत नाही.

ते वितळलेलं सॉकेट मी शाळेत नेलं. आता ते प्रकरण शिकवताना ते पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत हातोहात जातं, आणि तार कुणी भरली हेही मी मुलांना सांगते. घरचा अभ्यास म्हणून प्रत्येकानं आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंवरचे वॅट लिहून आणायचे, एका बोर्डावर लागणाऱ्यांची बेरीज करायची आणि 230 नं भागायचं. पहिल्याच वर्षी एका मुलीच्या वहीत उत्तर 19 आलं होतं. शेजारी तिनं लिहिलं होतं, ‘सॉकेट 6 चे.’ त्या संध्याकाळी मी तिच्या आईला फोन केला आणि काकांचा नंबर दिला.

परवा रात्री वह्या तपासत बसले होते. सासूबाई बैठकीतून म्हणाल्या, “अगं, पंख्याचं बटण चुरचुरतंय.” मी पेन खाली ठेवलं, पंखा बंद केला, त्या लाइनचा एमसीबी पाडला आणि काकांना फोन लावला. सकाळी त्यांनी बोर्ड उघडला. स्क्रू पाऊण फेरा सैल होता.