सुई मागे येते तेव्हा

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. कॉलेजं भराभर निघाली, पण शिकवायला माणसं कुठून आणणार? १९८४ च्या जुलैत, बी.ई.चा निकाल लागून महिनाही झाला नव्हता, तोच माझ्या हातात लेक्चररची ऑर्डर पडली. वय बावीस. समोर साठ मुलं, त्यातली डिप्लोमा करून आलेली तर माझ्याच वयाची. विषय स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स.

तीन रात्री जागून काढलेली टिपणं पंचवीस मिनिटांत संपली. पुढे काय करायचं सुचेना, म्हणून फळ्यावर माइल्ड स्टीलचा स्ट्रेस-स्ट्रेन आलेख काढला. रेघ सरळ चढते, अडखळते, पुन्हा चढते आणि शेवटी खाली वळून संपते. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, शेवटी लोड कमी होतोय, तर सळईला आराम पडायला पाहिजे. मग ती तुटते कशी?"

घशाला कोरड पडली. हाच आलेख परीक्षेत काढून मी पूर्ण मार्क मिळवले होते, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. "उद्या सांगतो," एवढंच म्हणालो.

लॅब म्हणजे पत्र्याची शेड. तिथल्या मामांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. सोळा मिलिमीटरची सळई त्यांनी यूटीएमच्या, म्हणजे सळई ओढून तोडणाऱ्या मशीनच्या, जबड्यात धरली, व्हॉल्व्ह जरासा फिरवला आणि म्हणाले, "सर, डायलकडं नंतर बगा. आदी सळईकडं बगा."

पाच टनांच्या आसपास सुई थबकली, थरथरली. सळईवरची काळी खपली भुरुभुरु गळू लागली. लोखंड वाहायला लागलं होतं. मग सुई पुन्हा चढत साडेआठ टनांपर्यंत गेली आणि सर्वांत जास्त लोड दाखवत थांबणाऱ्या लाल सुईला तिथेच सोडून मागे फिरली. त्याच क्षणी सळई मधोमध बारीक व्हायला लागली, जणू कुणी चिमटीत धरून ओढतंय. सोळाची दहा झाली असेल, आणि धाडकन आवाज झाला.

मामांनी तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. गरम होता! एका तुकड्याचं टोक वाटीसारखं खोल, दुसऱ्याचं सुळक्यासारखं. उत्तर माझ्या हातात होतं. लोड कमी झाला खरा, पण तो पेलणारं लोखंड त्याहून जास्त आटलं होतं. आम्ही वहीत भागाकार करतो तो सळईच्या छेदाच्या मूळच्या क्षेत्रफळाने, म्हणून रेघ खाली येते. त्या बारीक झालेल्या जागी मात्र ताण तुटेपर्यंत वाढतच असतो.

दुसऱ्या दिवशी वर्गाला मी खरं तेच सांगितलं. काल मला माहीत नव्हतं, मामांनी दाखवलं. आणि सगळ्यांना शेडमध्ये घेऊन गेलो.

पुढे अडतीस वर्षं शिकवलं. पीएच.डी. झाली, विभागप्रमुख झालो, त्यात सांगण्यासारखं फार नाही. नवी मशीनं आली, आलेख संगणक काढू लागला आणि मुलं पडद्याकडे बघू लागली. ते मला कधीच रुचलं नाही. सुई मागे फिरते आणि सळई बारीक होते, हे दोन्ही एकदम डोळ्यांनी बघायला हवं. म्हणून जुनं डायलचं मशीन भंगारात काढायची नोटशीट आली, तेव्हा मी तिच्यावर सही केली नाही.

२०२२ च्या शेवटच्या बॅचलाही त्याच मशीनवर सळई तोडून दाखवली. तुकडा पहिल्या मुलीच्या हातात दिला. तिने चटकन हात मागे घेतला, मग पुन्हा पुढे केला आणि टोकाच्या वाटीत अंगठा घालून बघत राहिली. मागची मुलं म्हणत होती, "ए, पुढे दे ना, गार होईल."