परसातील चातुर्मास

सरकारी दप्तरात परसाला स्थान नाही. शेताचा सातबारा असतो. त्यावर मालकाचे नाव, कुळाचा हक्क, कर्जाचा बोजा आणि हंगामागणिक पिकाची पाहणी, असे सारे काही यथासांग नोंदलेले असते. गावठाणातील घरामागच्या चिंचोळ्या जागेत मात्र कोणी काय पेरले, त्यातले किती हाती लागले आणि किती शेजारच्या गाईच्या पोटात गेले, याची चौकशी करावी असे कोणत्याही तलाठ्याला आजवर वाटलेले नाही. महसूल खात्याच्या कारकुनीत माझी उमर गेली. दुसऱ्यांच्या भाताची, नाचणीची आणि वालाची क्षेत्रे गाव नमुना 12 च्या रकान्यांत हयातभर उतरवून काढल्यावर, ज्या पिकाचा हिशेब कोणालाही द्यावा लागत नाही असे पीक काढण्यात काय सुख असते, ते निवृत्त होऊन पोशीरला कायमचा राहावयास आलो तेव्हा मला प्रथम कळले.

पोशीर हे कर्जत तालुक्यातील, नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. याच नावाची नदी पुढे उल्हासेला जाऊन मिळते. नैऋत्येस माथेरानचा सपाट माथा आणि पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग, यांच्यामध्ये सापडलेल्या या मुलखावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्यातला बहुतेक आषाढ-श्रावणातच. भाताला ही भूमी फार मानवते. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेली ‘कर्जत-3’, ‘कर्जत-184’ ही वाणे उभ्या कोकणात पेरली जातात. परंतु भाताला जे मानवते ते भेंडीला मानवत नाही. दोन दिवस मुळाशी पाणी तुंबले की ती पिवळी पडून मान टाकते. म्हणून परसातले सारे काही उंचावर करावे लागते: वाफे गादीचे, भोवती चर, आणि चरांचे तोंड उताराकडे. आषाढात तर परसाचे मालक आपण नसतोच. त्या महिन्यात अळू, टाकळा आणि शंखाच्या गोगलगायी यांची तेथे निर्वेध वहिवाट असते, आणि शहाण्याने त्या वहिवाटीला हरकत घेऊ नये.

मृगात आळी करून लावलेले वेल श्रावणात मांडवावर चढतात. मांडव बांबूच्या खांबांचा, वर कारवीच्या काठ्यांची जाळी. शिराळे, दुधी, पडवळ, कारले, काकडी, घोसाळे अशी सगळी एकाच कुळातील भावंडे. पण उमलण्याच्या वेळा ज्याच्या त्याच्या निराळ्या, हे मला पूर्वी ठाऊक नव्हते. काकडी, कारले, घोसाळे सकाळी उमलतात आणि मधमाश्या त्यांचे कार्य उरकून जातात. शिराळ्याचे पिवळे फूल दिवस कलल्यावर उघडते, दुधीचे पांढरे फूल सांज झाल्यावर, आणि पडवळ काळोख पडल्यावर, पाकळ्यांच्या कडांना पांढऱ्या दोऱ्यांची झालर सोडून. या उशिरा जाग्या होणाऱ्यांचे भवितव्य पतंगांच्या हाती असते, आणि श्रावणात संध्याकाळी पावसाने धरले की पतंग फिरकत नाहीत. मग मादीफुलामागचा करंगळीएवढा लवदार दुधी दोन दिवस आशेवर राहतो, देठाकडून पिवळा पडतो आणि गळतो. त्यावर उपाय एकच: एका हातात विजेरी आणि मानेत छत्री धरून मांडवाखाली जावे, ज्याच्या मागे फळ नाही असे साध्या लांब देठाचे नरफूल खुडावे, त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्या आणि आतील परागांचा दांडा मादीफुलाच्या मध्यावर अलगद टेकवावा. बोटाला पिवळी पूड लागली म्हणजे काम झाले. हा उद्योग करताना मला प्रथम पाहिले तेव्हा आमच्या घरातील मंडळी पडवीतून म्हणाल्या, “अहो, कचेरीत इतकी रात्र जागवली असती तर मामलेदार होऊन निवृत्त झाला असता.” या म्हणण्यात तथ्य असल्यामुळे मी उत्तर दिले नाही. पडवळाला तर याहूनही अधिक लाड लागतात. त्याच्या टोकाला सुतळीने लहानसा दगड बांधला नाही, तर ते वेटोळे घालते आणि चिरताना बायकांच्या शिव्या खाते.

या सगळ्या खटाटोपाला शास्त्राधार मिळतो तो भाद्रपद शुद्ध पंचमीला. ऋषिपंचमीच्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही, असा आपल्याकडे दंडक आहे. नांगरटीच्या जमिनीतले ते वर्ज्य, माणसाने हाताने खणून लावलेले ते ग्राह्य. वर्षभर ज्या शेतावर घर चालते ते शेत त्या एका दिवशी बाद ठरते, आणि ज्याची कोणत्याही कागदावर नोंद नाही ते परस मानाच्या पाटावर येऊन बसते! हा नियम घालणाऱ्याने बैलाविषयी कृतज्ञता म्हणून घातला असे सांगतात, आणि ते खरेच असेल. माझा आपला समज असा की घरामागे चार वेल लावण्याचा कंटाळा करणाऱ्या कुटुंबांवरची ती एक सौम्य जप्तीची नोटीसही असावी. अळूची पाने व दांडे, लाल माठाचे देठ, भेंडी, पडवळ, शिराळे, लाल भोपळा, कोवळ्या मक्याचे तुकडे आणि चिंचेचा कोळ, असे एका पातेल्यात शिजते तेव्हा त्यात मसाल्याची उणीव जाणवत नाही. आदल्या दिवशी गणपती बसलेले असतात, घरोघर पाहुणे आलेले असतात. तरीही सकाळपासून आळीतल्या मुली टोपल्या घेऊन येतात. कोणाला अळू हवे असते, कोणाला भोपळ्याची फोड. देणाऱ्याने मोजू नये आणि नेणाऱ्याने रिकामी टोपली परत पाठवू नये, एवढाच त्या व्यवहाराचा कायदा. लगोलग गौरी येतात. आमच्या भागात पुष्कळ घरी गौर तेरड्याची, मुळांसकट उपटून आणलेली. तेरडा बांधावर आणि पडक्या भिंतींवर आपोआप माजतो, त्यामुळे तो परसात लावावा लागत नाही. पण मी एका कडेला गुलाबी तेरडा राखतो, कारण पावसात बांध तुडवीत जाणे आता गुडघ्यांना मंजूर नाही.

बियाण्याच्या बाबतीत माझी सल्लागार ठाकरवाडीतील एक आजी आहे. ती अळू न्यायला येते आणि जाताना कनवटीच्या पुरचुंडीतून कसले तरी बी हातावर ठेवते. त्याचे नाव विचारावे तर “लावा तं खरा, भाऊ, आल्यावर कळंल” एवढेच सांगते. तिच्या एका पुरचुंडीतून गेल्या साली निघालेली काकडी हिरवीजर्द, कोहळ्याएवढी जाड होती आणि तिचे तवसे भाद्रपदभर पुरले. घाटमाथ्यापलीकडे अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावठी वाणे जतन केली, आणि 2020 साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. आजीला मी हे सांगितले, तेव्हा तिने पद्मश्री म्हणजे काय हे न विचारता, त्या बाईंकडे चवळीचे कोणते बी आहे ते विचारले.

झेंडूचे गणित निराळे आहे. त्याला दसऱ्याचीच मुदत असते. आधी फुलून उपयोग नाही, नंतर फुलला तर त्याला कोणी विचारीत नाही. रोप लावल्यापासून भर फुलोरा यायला दोन महिने धरावे, म्हणजे श्रावणात लावणी आणि मध्ये एकदा शेंडे खुडणे ओघाने आले. शेंडा खुडला की झाड रुसल्यासारखे थांबते आणि मग बगलेतून चौफेर फुटते. परंतु सगळा हिशेब बिनचूक बसला तरी हस्त नक्षत्र मध्ये उभे असतेच. सप्टेंबर संपता संपता सूर्य हस्तात जातो आणि दुपारच्या लख्ख उन्हामागून भीमाशंकराच्या बाजूने काळे ढग गडगडत येतात. त्या पावसाचे टपोरे थेंब फुलांत साचून झेंडू आतून कुजतो. वरून केशरी, दाबावा तर बोटाला तपकिरी पाणी. म्हणून आभाळ भरून आले की उमललेली फुले वेळेआधी उतरवून पडवीत पसरावी लागतात. सोनटक्का आणि प्राजक्त यांना असली काही काळजी नसते. ते विक्रीला जात नाहीत, त्यामुळे बहुधा प्रकृतीनेही निश्चिंत असतात.

हस्त सरला की आश्विनाचे ऊन भाजून काढते. भोपळ्याच्या पानांवर भुरी पसरते, भेंडीच्या शिरा केवड्याने पिवळ्या पडतात. मावा पडला तर सकाळच्या दवावर चुलीची राख उधळावी. केवडा मात्र पांढऱ्या माशीने पसरतो, त्याला राख पुरत नाही, आणि रोगट झाड उपटण्यावाचून गत्यंतर नसते. आता पाणीही घालावे लागते. ज्या जमिनीतून महिन्यापूर्वी पाणी बाहेर काढण्यासाठी चर खणले, त्याच जमिनीला बादलीने पाणी घालताना मनुष्याला आपल्या उद्योगाचे हसू येते. पोशीर नदीवरच्या धरणाला 2025 साली राज्याच्या मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे आणि ते पाणी मुंबईभोवतीच्या शहरांकडे जावयाचे आहे. तिकडच्या गच्च्यांवरील कुंड्यांतही उद्या ते पडेल. माझ्या दोन बादल्यांना त्यामुळे कमी पडणार नाही, हे मी जाणून आहे. तरीपण नदीच्या गावाला कार्तिकात पाणी जपून वापरावे लागते, हे लिहून ठेवलेले बरे.

दिवाळीच्या आसपास मांडव उतरवण्यावरून घरात दरसाल कैफियत होते. वेलाची पाने करपलेली असतात, फळे वाकडी आणि डंख लागलेली येतात, आणि मला ती जागा वालासाठी हवी असते. गृहिणीचे म्हणणे, अजून चार शिराळी येतील. आजीचा निवाडा असा की येल काढा, पण बियाचे फळ ठेवा. ते फळ देठाशी वाळून काथ्यासारखे होते, हलवले की आत खुळखुळते, आणि टोकाची टोपी काढली की काळे बी आपोआप तळहातावर ओघळते. राखेत घोळवून ते मडक्यात जाते. मांडवाच्या काठ्या गोठ्याच्या आढ्यावर.

मोकळ्या झालेल्या जमिनीत वाल टोचतात. भात कापल्यावर शेतात जशी उरल्या ओलीवर त्याची पेरणी होते, तशीच ही. पाणी द्यावे लागत नाही, रात्रीच्या दवावर तो आपला वाढतो. शेजारच्या वाफ्यात श्रावणात लावलेली वांगी याच सुमारास लगडतात. चातुर्मासात वांगे न खाण्याचे घरातील व्रत मात्र चंपाषष्ठीपर्यंत सुटत नाही, त्यामुळे वांग्यांचा पहिला तोडा सगळाच्या सगळा शेजारी जातो. आमच्या धर्मनिष्ठेविषयी शेजाऱ्यांचे मत अत्यंत अनुकूल आहे.