राजाचे नाटकगृह, नटाचे नाव

कोल्हापूरला जाणारा माणूस सहसा तीन कारणांनी जातो: अंबाबाईच्या दर्शनासाठी, रंकाळ्याच्या वाऱ्यासाठी आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी. देवीला जाऊन आल्यावर रश्श्याची आठवण करणारे भक्त मी पुष्कळ पाहिले आहेत, मीही त्यांच्यातलाच. पण या वेळी माझ्या मनात चौथे कारण होते. एक नट जिथे जन्मला, ते गाव त्याच्या नावाने पायी हिंडायचे, असे ठरवून मी निघालो होतो. नटाचे नाव केशवराव विठ्ठल भोसले. रसिकांनी त्यांना 'संगीतसूर्य' म्हटले, आणि कोल्हापूरकर आजही त्यांचा उल्लेख या पदवीशिवाय करीत नाहीत.

भवानी मंडपातून बाहेर पडून मिरजकर तिकटीच्या अंगाने चालू लागले, की थोड्याच वेळात खासबाग येते. इथे दोन वास्तू पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या: एक कुस्तीचे मैदान आणि दुसरे नाटकगृह. जगात अशी शेजारीण क्वचितच कोणा नाट्यकलेला मिळाली असेल! एका बाजूला शड्डू घुमावा आणि दुसऱ्या बाजूला तंबोरा लागावा, ही कल्पना राजर्षी शाहू महाराजांचीच. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेला गेले, तेव्हा वाटेत त्यांनी रोमचा पुरातन आखाडा पाहिला. परत आल्यावर त्यांनी खासबागेत मैदान उभारले, ते १९१२ साली पुरे झाले. त्याच्या लगतच 'पॅलेस थिएटर' बांधले गेले आणि १४ ऑक्टोबर १९१५ रोजी ते सुरू झाले. प्रेक्षकाच्या नजरेआड येणारा एकही खांब मध्ये नसलेली ती प्रशस्त नाट्यशाळा होती. तांबडी माती अंगाला लावलेला पैलवान आणि तोंडाला रंग लावलेला नट, दोघांनाही राजाने एकाच अंगणात जागा दिली. कोल्हापूरचा स्वभाव जाणून घ्यायचा असेल, तर ग्रंथ चाळण्याची गरज नाही. हे अंगण पाहावे.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा. वडील लवकर वारले. आई जानकीबाई हिच्यापुढे पोरांची तोंडे भरायची कशी, हा प्रश्न उभा राहिला. त्या काळी नाटकमंडळीत मुलगा धाडणे म्हणजे घराण्याला काळिमा, असे प्रतिष्ठित लोक समजत. जानकीबाईला प्रतिष्ठा परवडण्यासारखी नव्हती. तिने मुलांना 'स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी'च्या हवाली केले. जे पोर पोटासाठी कंपनीत गेले, त्याने मिसरूड फुटायच्या आत देवलांच्या 'शारदे'त शारदेची भूमिका करून प्रेक्षागृह रडवले. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी ती अजाण मुलगी आपले भय गाऊन सांगते, तो प्रसंग केशवरावांच्या नावाशी कायमचा जडला. मला वाटते, त्या स्वरातली धास्ती केवळ तालमीची नसावी. बापाविना वाढलेल्या, गावोगाव मुक्काम करणाऱ्या पोराला भीती शिकवावी लागत नाही.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली. वय अवघे सतरा! आजकाल या वयाच्या मुलाला आपण एकट्याने मुंबईला पाठवायला कचरतो. या मुलाने नट, वादक, पडदे, पेटारे आणि आचारी यांचा संसार डोक्यावर घेतला. वझेबुवांसारख्या गवयाची तालीम त्यांनी घेतली. पण नुसत्या गाण्यावर कंपनी चालवायची, एवढेच त्यांचे ध्येय नव्हते. १९१२ साली हिराबाई पेडणेकरांचे 'दामिनी' हे नाटक त्यांनी रंगभूमीवर आणले. बाईने नाटक लिहावे आणि नामांकित मंडळीने ते करावे, हे त्या दिवसांत अघटितच होते. पुढे मामा वरेरकरांच्या 'हाच मुलाचा बाप'मधून त्यांनी हुंड्याच्या चालीवर कोरडे ओढले, आणि 'संन्याशाचा संसार' करून धर्मांतराच्या प्रश्नाला हात घातला. शाहू महाराजांचा लोभ या नटावर का जडला, याचे उत्तर मला इथे मिळते. राजा जे हुकमाने करू पाहत होता, त्यातले काही हा नट गाण्याने करीत होता.

८ जुलै १९२१ चा दिवस मराठी रंगभूमीच्या पंचांगात लाल शाईने लिहिलेला आहे. मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग झाला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव! दोन कंपन्यांची चुरस सर्वांना ठाऊक होती. त्यांच्या चाहत्यांत तर उघड तट पडलेले. त्या रात्री कोण सरस ठरले, यावर पुढे कित्येक वर्षे ओट्यांवर वाद रंगले. मौज अशी, की ज्या पदांवरून हे वाद झाले, त्यांना चाली लावणारे गोविंदराव टेंबेही कोल्हापूरच्याच मातीतले.

आणि त्यानंतर अठ्ठ्याऐंशी दिवसांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. वय एकतीस. पुढच्या मे महिन्यात शाहू महाराजही गेले. सात महिन्यांत कोल्हापूरने आपला राजा आणि आपला गाणारा नट, दोन्ही गमावले.

पण गाव थांबले नाही. बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा घडवून १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली होती. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मंडळींनी १९२९ साली इथेच 'प्रभात' काढली. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' बोलू लागला, तेव्हा हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे. पेटीवरून, रंगमंचावरून थेट रुपेरी पडद्यावर! केशवराव आणखी दहा वर्षे जगते तर पडद्यावर दिसले असते का, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. इकडे 'ललितकलादर्श' बापूराव पेंढारकरांनी १९३७ साली आपल्या मृत्यूपर्यंत चालवली, आणि पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ती पुन्हा उभी केली.

इंग्रजांनी हेन्री आयर्विंग या नटाला १८९५ साली 'सर' केले आणि तो वारल्यावर त्याची रक्षा वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवली. त्यांच्या इतिहासात या गोष्टीचे मोठे कौतुक आहे, आणि ते रास्तच आहे. पण कोल्हापूरने केले ते मला अधिक मोलाचे वाटते. १९५७ साली राजाने बांधलेल्या पॅलेस थिएटरला एका गरीब विधवेच्या मुलाचे नाव दिले गेले: 'केशवराव भोसले नाट्यगृह'. राजवाड्याचे नाव पुसून नटाचे नाव चढले, आणि राजाच्या कीर्तीला त्याने उणेपणा आला नाही. उलट ती वाढली.

ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. नटाच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री त्याचे घर जळावे, असे नाटककाराने लिहिले असते तर आपण त्याला अतिरेकी म्हटले असते. लाकूडकाम, आसने, रंगमंच, सारे गेले. जयंतीला हार घेऊन यायचे ते कलावंत आणि रसिक काळवंडलेल्या भिंतींपुढे डोळे पुसत उभे राहिले.

जवळच्या टपरीवरल्या चहावाल्या म्हाताऱ्याला मी त्या रात्रीविषयी विचारले. कप पुढे सरकवून तो म्हणाला, "काय सांगू पावनं, जाळ बघायला नव्हं, इझवायला धावलेली मानसं होती ती. माझ्या बाऽनं हितं नाटकं बघितली, म्या बघितली, माझ्या पोरानं गॅदरिंगला हितं नाच केला. घरातलं कोन तरी गेल्यागत झालं बगा." मग थोडे थांबून म्हणाला, "बांदतील. कोल्हापूर हाय ह्ये."

वास्तू पुन्हा उभारण्याचे काम हाती घेण्यात आले, ही समाधानाची गोष्ट. तरी विटा-लाकडापलीकडचा एक प्रश्न उरतोच. नटाची कला त्याच्याबरोबर जाते. केशवरावांना ज्यांनी ऐकले, त्यांतले आज कोणी उरलेले नाही. चित्रकाराचे चित्र राहते, कवीची कविता राहते. नटामागे राहते ते फक्त लोकांचे बोलणे. म्हणूनच नटाला घर लागते: त्याचे बोलणे जिथे चालू राहील असे घर. खासबागेतल्या त्या भिंतींनी शंभरावर वर्षे हे काम केले. नव्या भिंतींनाही ते करावे लागेल, आणि त्यासाठी नुसते चांगले छप्पर पुरणार नाही. सतरा वर्षांच्या एखाद्या पोराने पेटारे बांधून इथे यावे, आणि गावाने त्याला जागा द्यावी. जानकीबाईच्या मुलाचे नाव दारावर कोरलेले आहे, त्याचा अर्थ एवढाच आहे.