तेव्हा व्यायाम कोण करत होतं?

नागपूर हे सायकलींचं गाव होतं, हे वर्धा रोडवरून मेट्रोने जाणाऱ्या पोरांना आज सांगून पटत नाही. सत्तरच्या दशकात एम्प्रेस मिलचा भोंगा वाजायच्या आधी जुम्मा तलावाकडे येणारे सगळे रस्ते सायकलींनी भरून जात. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली ही मिल. तिचा कामगार लांबूनही ओळखू यायचा. हँडलला डब्याची पिशवी, पायजमा चेनमध्ये अडकू नये म्हणून घोट्याशी लावलेली क्लिप, आणि चढ आला की सीटवरून उठून उभ्याने मारलेलं पायडल. माझे वडील त्यांतलेच. जाता-येता सायकल, आठ तास साच्यावर उभं राहणं, घरी आल्यावर पुन्हा कॅरियरला दळण बांधून चक्की. त्यांना कुणी ‘व्यायाम करता का?’ असं विचारलं असतं तर ते म्हणाले असते, “सवड कोणाला आहे बापा!”

आता त्या मिलच्या जागेवर मॉल उभा आहे, आणि शहरभर एसी लावलेल्या जिममध्ये जागेवरच फिरणाऱ्या सायकली आहेत. मला त्याचं हसू येत नाही. शरीराला सायकल कुठे पोचते याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला फक्त काम कळतं.

वडिलांच्या मांडीत तेव्हा काय चाललं होतं, ते मला फार उशिरा वाचून कळलं. स्नायू आखडायला एटीपी नावाचा रेणू लागतो. शरीरात तो एका वेळी जेमतेम पन्नास-शंभर ग्रॅम असतो, पण तोच मोडून पुन्हा जोडला जातो, आणि ही उलाढाल दिवसभर इतक्या वेळा होते की तिची बेरीज आपल्या वजनाच्या आसपास जाते. सावकाश, लांबवर चालणाऱ्या कामात ही जोडणी पेशीतल्या तंतुकणिका करतात. कोराडीत कोळसा जळतो तेव्हा शहरात दिवे लागतात, तशा त्या साखर आणि चरबी प्राणवायूच्या साहाय्याने जाळून एटीपी देतात. फरक इतकाच की मागणी वाढली म्हणून कोराडीला आपोआप नवा संच उगवत नाही. स्नायूत तो उगवतो. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या जॉन होलोझी यांनी उंदरांना कित्येक आठवडे फिरत्या पट्ट्यावर पळवलं आणि १९६७ साली दाखवून दिलं की त्यांच्या स्नायूंतली प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाली. माणसाच्या स्नायूतही तंतुकणिका वाढतात, केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं आणि म्हणून विसावलेल्या माणसाची नाडी हळू चालते. मिलच्या रस्त्यावर हे सगळं फुकट, न मागता होत होतं.

पण या काळाची आरती ओवाळायची तर एक गोष्ट लपवावी लागेल. रोज तीच वाट, तोच वेग असेल तर शरीर त्या कामापुरतं तयार होतं आणि तिथेच थांबतं. काम वाढलं तरच ते पुढे सरकतं. वडील पंधरा वर्षं सायकल चालवून पैलवान झाले नाहीत. त्यात विडी होती, रात्रपाळी होती, ताटात डाळ पातळ होती. पुढे लुना मोपेड आली, आणि दोन-तीन महिन्यांतच तिसऱ्या मजल्यावरच्या नातेवाइकाकडे जाताना त्यांना मध्येच थांबावं लागू लागलं. कमावलेल्या तंतुकणिका काही आठवड्यांतच ओसरू लागतात. शरीर जुनी पुण्याई धरून बसत नाही.

आम्हा पोरांचा प्रकार वेगळा. तासाच्या भाड्याने आणलेली सायकल, सीटवर बसून पाय पुरत नाहीत म्हणून दांड्याखालून पाय घालून ‘कैची’, आणि संध्याकाळी रेशीमबागच्या मैदानावर हुतूतू. तेव्हा घड्याळ नव्हतं. दम टिकेल तोवर चढाई, आणि दम तुटला की बाद. आता प्रो कबड्डीत तीस सेकंद मोजतात, पडद्यावर आकडे उतरत जातात. गंमत अशी की दम आणि चपळाई यांचा आम्ही लावलेला संबंध अर्धाच खरा होता. चढाईतला निर्णायक झटका, म्हणजे टाच मारून मध्यरेषेकडे झेप, दोन-चार सेकंदांचा. त्याला श्वासातला प्राणवायू लागतच नाही. स्नायूत क्रिएटिन फॉस्फेटचा छोटा साठा असतो, तो एटीपी झटपट जोडून देतो आणि पुरा जोर लावला तर आठ-दहा सेकंदांत आटत येतो. हा पदार्थ १९२७ साली हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत शोधून काढणारे येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातले. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव नव्हतं. चढाई लांबली की मग प्राणवायूविना साखर मोडणं जोरात सुरू होतं, लॅक्टेट साचतं आणि पाय जड होतात. मागून ओरडा यायचा, “काय बे, दमून राहिला का?”

या लॅक्टेटने बरीच बदनामी सोसली आहे. अंग आंबलं की आखाड्यातले जाणते लोक म्हणत, रक्तात आम्ल चढलं, मालिश करा. पुढे शिकलेले लोकही तेच म्हणू लागले, फक्त ‘लॅक्टिक अॅसिड’ म्हणून. प्रत्यक्षात लॅक्टेट तासाभरात निघून जातं. शिवाय हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतात, त्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे. बैठकांनी ती हमखास होते. तरी आखाड्याचं एक गणित पक्कं होतं. नव्या पोराला पहिल्याच दिवशी शंभर जोर काढू देत नसत. थोडे, मग आणखी थोडे. १९१४ साली अमरावतीत सुरू झालेल्या आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे आपले खेळ दाखवून आलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा विदर्भात दबदबा होता, आणि त्याच्यामागे हीच शिस्त होती. आजच्या मुलांच्या मनगटी घड्याळातला ट्रेनिंग लोड वेगळं काय सांगतो?

पाण्याच्या बाबतीत मात्र आम्ही साफ अडाणी होतो. धावण्याच्या शर्यतीआधी आणि मध्ये पाणी प्यायचं नाही, पोटात गोळा येतो, असं शाळेत बजावलेलं असे. स्पर्धा संपल्यावर लिंबाची फोड आणि ग्लुकोज पावडर तळहातावर मिळायची, तीही जिंकलेल्याला आधी. हे कुठे, तर नागपुरात! इथे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता.

नागपूरकराने हे नीट समजून घ्यायला हवं. स्नायू जी ऊर्जा वापरतो तिच्यातला वीस-पंचवीस टक्के भागच हालचालीत जातो, बाकीची उष्णता होते. पायडल मारणारा माणूस म्हणजे आतून पेटलेली शेगडी. हवा शरीरापेक्षा थंड असेल तर ही उष्णता बाहेर जाते. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना हवाच उलट आपल्याला तापवते. तेव्हा घाम सुकण्यावाचून दुसरी वाट उरत नाही. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आपल्या कोरड्या हवेत तो झटकन सुकतो. म्हणूनच वाळ्याच्या ताट्या आणि कूलर इथे कामाचे, आणि मुंबईत कुचकामी.

आणि शरीर हेही शिकतं. उन्हात रोज थोडं काम केलं तर पहिल्या आठवड्यातच रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, त्याच कामाला नाडी कमी धावते. दहा ते चौदा दिवसांत बरीचशी तयारी होते. फाल्गुनापासून सायकलवर तापत गेलेल्या मिलकामगाराची ही तयारी एप्रिलपर्यंत झालेली असे. ऊन लागू नये म्हणून तो खिशात ठेवायचा त्या कांद्याला या यशात वाटा नाही. आंबील, पन्हं आणि डोक्याला बांधलेला दुपट्टा यांना मात्र नक्की आहे. आज आपण एसी घरातून एसी गाडीत, गाडीतून एसी ऑफिसात जातो. शरीराला उन्हाळा शिकायला मिळतच नाही, आणि मग एखाद्या रविवारी अंगात येतं.

तरीही मी आजच्या नागपूरवर नाराज नाही. पहाटे अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सच्या चढावर जाऊन बघा. आमच्या वेळी आखाड्याच्या उंबऱ्यापाशीही न फिरकू दिलेल्या मुली तिथे घड्याळ लावून धावतात. साठीच्या बाया बूट घालून झपाझप चालतात. याच गावच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली, आणि पुढच्या वर्षी रशियातली ९,१०० किलोमीटरची ट्रान्स-सायबेरियन. अशा शर्यतीत स्नायू आणि यकृतातली मिळून अर्धा किलोभर साखर किती पुरणार? फार तर दोन हजार कॅलरी. सराव झालेलं शरीर त्याच वेगात जास्त चरबी जाळतं, साखर राखून ठेवतं, आणि वाटेत खात-पीत ती भरत राहतं. वडिलांच्या मांडीत होतं तेच यंत्र, फक्त जाणूनबुजून, चढत्या मापाने घडवलेलं. आमच्या काळात असा एकही माणूस या शहराने घडवला नव्हता, हेही लिहून ठेवायला हवं.

तेव्हा जुन्या सायकलींचे गोडवे गाणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना एकच सांगणं. यंदा मार्च लागला की सकाळी अर्धा तास बाहेर पडा, दर आठवड्याला थोडं वाढवा, सोबत पाणी ठेवा, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मे महिन्यात एकदम सुरुवात मात्र करू नका.