राखेचे हात

आमच्या घरात लोखंडाची वस्तू टिकत नाही, असे आजी नेहमी म्हणायची. वेंगुर्ल्याची हवाच तशी. खिडकीचे गज, सायकलची साखळी, कडीकोयंडे, साऱ्यांना खारा वारा खातो. म्हणून दोन वर्षांपूर्वी जुनाच, पण ॲल्युमिनियमच्या रुपेरी अंगाचा लॅपटॉप माझ्या हाती आला, तेव्हा मी ठरवले की याला मात्र काही होऊ द्यायचे नाही. आईने भिशी उचलून तो घेऊन दिला होता.

मग माझे सोवळे सुरू झाले. हात धुऊन, कोरडे करून मगच त्याला शिवायचे. बांगड्या आणि घड्याळ आधी काढून ठेवायचे. काम झाले की जुन्या पातळाचा मऊ तुकडा किंचित ओलवून पुसायचे आणि लगेच कोरडे करायचे. धाकट्या भावाने एकदा त्यावर सरबताचा पेला ठेवला, तर मी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. मैत्रिणी म्हणायच्या, "देव्हाऱ्यातच ठेव की!"

तरीही पहिल्याच पावसाळ्यानंतर तळवे टेकतात तिथे बारीक ठिपके दिसू लागले. शास्त्र शाखेतल्या मैत्रिणीने कारण सांगितले. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर चढतो आणि तोच त्याला राखतो. कारखान्यात धातू आम्लात बुडवून, त्यातून वीज सोडून, हा थर मुद्दाम वाढवतात. तरी तो साधारणपणे २५ मायक्रॉनपर्यंतच. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड. थर कठीण असतो, पण एकदा ओरखडा गेला की घरी भरून निघत नाही. घामातले आणि समुद्री हवेतले मीठ थरातली कच्ची जागा शोधते आणि तिथे धातू टोकरू लागते. वर चिकटपट्टी लावावी, तर कड सुटल्यावर तिच्याखालीच घाम साचून राहतो. म्हणजे शत्रू बाहेर नव्हता. माझ्याच तळहातात होता!

आणि मग तो रविवार उजाडला. मी आंघोळ करून आले, तर आई मागच्या पडवीत बसून लॅपटॉपच्या झाकणावर काथ्याने राख घासत होती. पितळेची समई घासावी तशी, अगदी मनापासून. राखेतला क्षार ॲल्युमिनियमचा तो थर खातो, काथ्याने चरे पडतात, हे तिला कोण सांगणार?

"आये, ह्यां काय केलंस गो?" मी किंचाळलेच. नंतर बरेच काही बोलले. ते इथे लिहिण्याजोगे नाही.

आई एवढेच म्हणाली, "मळलेला दिसला म्हणान घासलंय, बाय." आणि राखेचे हात तसेच मांडीवर ठेवून बसून राहिली.

तेव्हा मी ते हात पाहिले. आई काजूच्या कारखान्यात काम करते. टरफलातला चीक कातडी जाळतो. त्यासाठी ती रोज हाताला खोबरेल तेल आणि राख चोळून बसते. तिलाही एक थर लागतोच. पण तो दुपारपर्यंत पुसला जातो. बोटांची टोके काळी पडली होती, अंगठ्याची साल निघाली होती. भिशीचे पैसे त्याच बोटांतून आले होते. दोन वर्षे मी एका झाकणावरचे ठिपके मोजत होते, आणि हे हात रोज मला ताट वाढत होते.

पुढच्या महिन्यात शिष्यवृत्तीच्या पैशांतून मी तिला रबरी हातमोजे आणले. तिने चार दिवस घातले. मग म्हणाली, मोज्यांनी हात चालत नाही, किलो कमी भरतात. मजुरी किलोवर असते, हे मला तेव्हा कळले. मी भांडले नाही. आता ती ओली टरफले असतील त्या दिवशी मोजे घालते, एरवी नाही. रात्री मी तिच्या हातांना तेल लावते. ती लाजते, पण हात मागे घेत नाही.

लॅपटॉपच्या झाकणावरचे चरे अजून तसेच आहेत. तो चालतो उत्तम. हा लेखही मी त्याच्यावरच लिहिला. पुसायचे फडकेही रोज फिरते. मात्र कुणी विचारले, "हे एवढे कशाने गं घासले गेले?" की पूर्वीसारखा राग येत नाही. "आईने घासला," असे मी सांगते.