एक लाइन, दोन सर्व्हर

मानवत. कापसाची आवक वाढली आहे. जिनिंगच्या ऑफिसात दोन सर्व्हर: एकावर वजनकाट्याच्या पावत्या, दुसऱ्यावर हिशेब. इंटरनेटची लाइन मात्र एकच. मधे एक जुना लिनक्स संगणक ठेवला, त्याला दोन नेटवर्क कार्डं. एक बाहेरच्या लाइनीला, दुसरं आतल्या स्विचला. सर्व्हरांना १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते दिले. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्रानुसार हे खासगी वापरासाठी राखीव आहेत. बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर मधला संगणक स्वतःचा पत्ता घालतो, नोंद ठेवतो आणि आलेलं उत्तर नेमक्या सर्व्हरला पोचवतो. हेच नॅट.

पण सुरक्षेसाठी नॅट असलं की झालं, हे मला पटत नाही. फायरवॉलचा नियम वेगळा लिहिलाच: आतून न मागितलेलं काहीही आत यायचं नाही. बाहेरून काम करायचं तर वायरगार्ड या व्हीपीएनमधूनच.

एवढी काळजी कशाला, असं कुणी म्हणेल. त्या पावत्यांवर पाथरीकडून गाडी भरून आलेल्या शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव असतो. हिशेबात त्याचं बँकखातं. वर्षभराची मेहनत आहे ती. संध्याकाळी बाहेरची लाइन काढून पाहिलं. काटा चालू राहिला, पावत्याही निघाल्या.