समितीतलं कंटाळवाणं काम

पुरातत्त्वज्ञांच्या संघटनेच्या समितीवर बिनपगारी काम करणं म्हणजे चहा घेऊन ठराव करणं, असा समज आमच्याच क्षेत्रात रुजलेला आहे. असं काम करता करता माझं मत मात्र उलट होत गेलं. उद्घाटनं आणि परिसंवाद बाजूला ठेवले की जे उरतं, म्हणजे स्थळांच्या याद्या दुरुस्त करणं, रखडलेल्या अहवालांचा तगादा लावणं, दुसऱ्यांचे लेख तपासणं, त्यातच समितीचं मोल असतं. अमरावती-अकोल्याच्या पट्ट्याला याची गरज जरा जास्तच आहे. इथे हा विषय नीट शिकायचा तर बहुतेकांना नागपूर किंवा पुणे गाठावं लागतं, आणि शिकलेला माणूस सहसा तिकडचाच होऊन जातो.

तऱ्हाळ्याचं उदाहरण घ्या. हे गाव आज वाशीम जिल्ह्यात आहे, पण १९३९ मध्ये तिथे सातवाहन नाण्यांचा साठा सापडला तेव्हा ते अकोल्यात होतं. नाणी दीड हजारांच्या आसपास. वा. वि. मिराशींनी ती वाचली, आणि १९४० मध्ये न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडियाच्या नियतकालिकात त्यावर त्यांचा लेख आला. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली नावं त्यामुळे अभ्यासकांपुढे आली. नियतकालिकाचं ते जेमतेम दुसरं वर्ष होतं. अशी नियतकालिकं चालतात ती कुणीतरी आपली नोकरी सांभाळून मजकूर मागवतो, तपासतो, मुद्रितं वाचतो म्हणून. आता याच्या शेजारी तुळजापूर गढी ठेवून पाहू. अमरावती जिल्ह्यातल्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचं उत्खनन १९८४-८५ मध्ये झालं आणि ते करणाऱ्या बोपर्डीकरांचा अहवाल छापून आला १९९६ मध्ये. आपल्याकडच्या रिवाजाने हा उशीर फार नव्हे. कित्येक उत्खननांच्या वाट्याला वार्षिक वृत्तांतातल्या चार ओळींपलीकडे काही येत नाही. कौंडिण्यपूर रुक्मिणीचं माहेर म्हणून घरोघरी ठाऊक आहे, पण तिथल्या जमिनीखाली काय निघालं हे सांगायला मोरेश्वर दीक्षितांचा १९६८ चा अहवालच उघडावा लागतो. खणलेली जागा पुन्हा खणता येत नाही. अहवाल लिहायचाच राहिला तर उत्खनन म्हणजे रीतसर केलेली नासधूसच. म्हणून ‘अहवाल कुठवर आला’ हा प्रश्न दर बैठकीत विचारणारा एक चिवट सदस्य मला दहा भाषणांपेक्षा मोलाचा वाटतो.

यावर पहिला आक्षेप असा की हे सरकारचं काम आहे, आणि स्वयंसेवकांनी ते अंगावर घेतलं की सरकार मोकळं होतं. आक्षेप पोकळ नाही. पण भोनकडे पाहा. गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, तरी खोरं आपल्याच पूर्णेचं. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे विटांचा स्तूप निघाला, भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी निघाल्या, आणि हीच जागा जिगाव प्रकल्पाच्या पाण्याखाली जाण्याचा प्रश्न उभा राहिला. धरणाच्या कागदांत घरं, झाडं, देवळं मोजली जातात. जुन्या वस्तीचं पांढऱ्या मातीचं टेकाड मोजायचं तर ते आधी कुठल्यातरी यादीत असावं लागतं. यादी असली तर सरकारला जाब विचारता येतो. नसली तर विचारायचं तरी कशाबद्दल? वऱ्हाडात गावोगावच्या गढ्यांची माती शेतात टाकायला, भिंती लिंपायला पिढ्यान्‌पिढ्या नेली गेली. जेसीबी आल्यापासून वर्षांचं काम दिवसांवर आलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. यादी केली की गुप्तधनवाल्यांना आयता नकाशा मिळेल. आपल्याकडे अमावस्येला लिंबू-नारळ घेऊन खोदणाऱ्यांच्या बातम्या येतच असतात, तेव्हा ही भीती काल्पनिक म्हणता येणार नाही. तरी माझं म्हणणं असं की गावातल्या टेकाडाची खबर त्यांना आधीच असते. ती नसते ती कचेरीला. नेमके अक्षांश-रेखांश छापू नयेत, एवढी खबरदारी पुरे. कायद्याचं म्हणाल तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक केलं आहे. त्या दहा रुपयांना आता हसू येतं, पण कळवणाऱ्याला विश्वास वाटेल असा जाणकार माणूस जवळपास असला तरच ते कलम कामाला येतं.

आमच्यातले काही जण म्हणतात की व्यावसायिकांची संघटना व्यावसायिकांपुरतीच असावी, हौशी लोक घोळ घालतात. घालतातही. पण अमरावतीच्या डॉ. व्ही. टी. इंगोले यांच्या निसर्गप्रेमी गटाने २००७ मध्ये सातपुड्यात धारुळजवळ चित्रं असलेले शैलाश्रय शोधले, तेव्हा त्यांच्यातलं कुणी पेशाने पुरातत्त्वज्ञ नव्हतं. शिवाय डॉक्टर-वकिलांसारखी पुरातत्त्वज्ञांची कायदेशीर नोंदणी आपल्याकडे नाहीच, मग कुंपण घालायचं कुठे? ब्रिटनमध्ये १९८२ साली स्थापन झालेल्या अशा संघटनेला राजसनद मिळायला २०१४ उजाडलं. मधल्या काळात आचारसंहिता आणि कामाचे निकष आधी सदस्यांनी स्वतःला लावून घेतले. हौशी माणसालाही तेच निकष शिकवावेत आणि त्याचं नाव नोंदीत घालावं. श्रेय मिळालं की तो पुढची जागाही दाखवतो.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. बिनपगारी काम शेवटी पगारदारांनाच परवडतं. बैठक पुण्याला किंवा दिल्लीला असली की अकोल्याचा कंत्राटी प्राध्यापक किंवा अचलपूरचा संशोधक विद्यार्थी खिशातून भाडं भरून जाणार नाही, आणि त्याने जावं असं म्हणण्याचा हक्कही कुणाला नाही. मग समितीत वऱ्हाडची खुर्ची एक तर रिकामी राहते, नाहीतर निवृत्त माणसाकडे जाते. त्याच्याकडे वेळ असतो, पण गढी चढायला गुडघे नसतात. मानधन नको असेल तर नसू द्या. रेल्वेभाडं आणि राहण्याचा खर्च तरी संघटनेने वर्गणीतून द्यावा, आणि वर्षातली एक बैठक अमरावतीला घ्यावी.